बोरघाट उतरून ताम्हिणीने परत : कुलाबा किनाऱ्याची अभ्याससहल

पुण्याहून अलिबाग-मुरूडला जाणाऱ्यांची कमी नाही. पण बहुतेकांच्या वाट्याला किनाऱ्याचा इतिहास येतो तो दोन जलदुर्गांपुरता, आणि तोही बोटवाल्याने दिलेल्या पाऊण तासात उरकलेला. किल्ले हा या किनाऱ्याचा वरचा, अलीकडचा थर आहे. त्याखाली बंदरे आहेत, बंदरांना जगवणाऱ्या खाड्या आहेत आणि खाडीतून उतरलेला माल देशावर आणणारे घाट आहेत. पुण्यात राहणाऱ्या माणसाने ही साखळी घाटमाथ्यापासूनच बघायला सुरुवात करावी, म्हणून आमच्या अभ्यासगटाने मार्ग असा आखला: बोरघाटाने उतरायचे, किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकायचे आणि मांदाडच्या खाडीपासून ताम्हिणीने वर यायचे. सोमवार ते शुक्रवार हे वार मुद्दाम घेतले. शनिवार-रविवारी अलिबागच्या पुळणीवर आणि राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून काही समजावून सांगणे शक्यच होत नाही.

महिना पौषाचा. हवा कोरडी, समुद्र शांत, आणि वाड्यांमधून वालाच्या शेंगा आलेल्या. जून ते सप्टेंबर जलदुर्गांकडे बोटी जात नाहीत आणि मे महिन्यात उघड्या कातळावर दहानंतर उभे राहवत नाही.

रविवार संध्याकाळ, पुणे

निघण्याच्या आदल्या दिवशी दीड तासाचे व्याख्यान आणि अर्धा तास नकाशा. व्याख्यानात राजघराण्यांची यादी सांगितली की ती दुसऱ्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून विषय तीनच ठेवले: बंदरे आणि घाट, समुद्रावरचे परवाने, आणि भरती-ओहोटी.

पहिल्या विषयासाठी कोऱ्या नकाशावर प्रत्येकाने स्वतः खुणा केल्या. किनाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौल, मांदाड. वर नाणेघाट, बोरघाट आणि दक्षिणेकडचे छोटे घाट. त्यामागे जुन्नर, कार्ले, कऱ्हाड. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्लिएना, सेमुल्ला, मंदगोरा ही नावे येतात. कल्लिएना म्हणजे कल्याण आणि सेमुल्ला म्हणजे चौल याबद्दल फारसा वाद नाही. मंदगोरा म्हणजे मांदाड असे बरेच अभ्यासक मानतात. लेणी कुठे खोदली गेली ते या नकाशावर टाकले की ती घाटांच्या तोंडाशी आणि खाड्यांच्या काठी दाटलेली दिसतात.

दुसरा विषय परवान्यांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो नसलेले जहाज ते पकडत. कान्होजी आंग्र्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपले ‘दस्तक’ त्याच तत्त्वावर चालवले. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी ‘चाचा’ ठरतात ते त्यांनी कंपनीच्या जहाजांनाही हा नियम लावला म्हणून. समुद्रावर कर घेण्याचा हक्क कोणाचा, हा त्या भांडणाचा गाभा होता, आणि पुढच्या पाच दिवसांत दिसणारी प्रत्येक तटबंदी त्याच प्रश्नाशी जोडलेली आहे.

तिसरा विषय सर्वांत उपयोगाचा. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागायचे, येतो तो पूर्ण भरतीचा तास. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची वृद्धी किंवा क्षय असला तर हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, म्हणून मुंबई बंदराच्या छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यायचे.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती उतरणार तेही पाहावे लागते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते; ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, सोयीची वाटते, पण पाणी पुरेसे हटतच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी लांबवर जाते, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते. कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत चांगले: पाणी अजून भरपूर हटते आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. आम्ही मंगळवारी तृतीया येईल असा आठवडा आधी निवडला आणि बाकीचे सगळे त्याभोवती बसवले.

ज्यांना मूळ कागदांकडे जायचे आहे त्यांच्यासाठी पुण्याइतके सोयीचे शहर नाही. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे आणि चौलच्या उत्खननाचे काम केलेले डेक्कन कॉलेज येरवड्याकडे. दप्तर पाहायचे तर अर्ज, ओळखपत्र आणि मोडी वाचता येणे या तिन्ही गोष्टी लागतात. सहलीच्या उत्साहात तिथे जाऊन काही हाती लागत नाही. आधी मोडी शिकावी.

सोमवार, द्वितीया : कार्ले, वलवण, नवगाव

सकाळी सातला जुन्या महामार्गाने निघालो. द्रुतगतीने गेले तर कार्ले टाळले जाते, आणि या सहलीत कार्ले टाळून चालत नाही. वाहनतळापासून पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. एकवीरेच्या दर्शनाची रांग आणि लेण्याची वाट बरेच अंतर एकच असल्यामुळे मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि चैत्र महिना वगळावा.

चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आहे. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या आहेत, हे प्रत्येकाला थांबवून दाखवावे लागते. पण आमचा वेळ गेला तो खांबांवरच्या ब्राह्मी लेखांत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे लिहवून ठेवले आहे. धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी लोकांनी, खांब दिले. आणि एका खांबाचा दाता सोपाऱ्याचा आहे, म्हणजे थेट समुद्रकाठच्या बंदराचा. सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरे उठून दिसतात. दहानंतर विजेरी बाजूने, खांबाला जवळजवळ टेकवून धरावी, समोरून धरली तर अक्षरे सपाट होतात. खांबांना हात लावू देऊ नये.

शेजारी एकवीरेचे देऊळ. किनाऱ्यावरच्या कोळी-आगरी समाजाचे दैवत घाटमाथ्यावर, लेण्याच्या दाराशी आहे आणि चैत्रात पालख्या समुद्राकाठाहून इथे चढून येतात. बोरघाटाच्या वाटेचे हे सर्वांत जुने चालू असलेले वहिवाटीचे खाते म्हणावे लागेल.

कार्ल्याहून समोर लोहगड दिसतो. १७१३ मध्ये तो कान्होजींनी घेतला आणि चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना कैद केले. त्यानंतर शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पाठवले आणि लोणावळ्याजवळच्या वलवणला तह झाला. समुद्राचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख कान्होजी, आणि पुण्याकडचा पेशवा भेटले ते घाटाच्या ऐन तोंडाशी. ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती बंदराची मिळकत, हे दोघांनाही ठाऊक होते. वलवणला आज पाहण्यासारखे काही शिल्लक नाही. गाडी दहा मिनिटे बाजूला घेऊन नकाशा उघडला तरी पुरते.

खोपोली, पेण, वडखळ मार्गे अलिबाग. वडखळच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि अवजड वाहनांमुळे वेळेचा अंदाज कोसळतो. कागदावर दीड तास धरला तर तिथे अडीच धरावे.

दुपारनंतर अलिबागच्या उत्तरेला नवगावचे बेने इस्रायल स्मशान. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. बुडालेल्यांना पुरल्याचे उंचवटे आणि त्यांचे स्मारक इथे आहे. पुढे हा समाज कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवू लागला आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला. घरात मराठी बोलणारा हा समाज आता बहुतांश इस्रायलमध्ये आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे. ते प्रार्थनास्थळ आहे. आत जायचे तर आधी विचारून, डोके झाकून, आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ वगळून.

मंगळवार, तृतीया : कुलाबा, आक्षी, चौल

पूर्ण ओहोटी साडेआठच्या सुमारास. सव्वासातला पुळणीवरून निघालो. नियम साधा ठेवावा: ओहोटीच्या आधी सव्वा तास निघायचे आणि ओहोटीनंतर पाऊण तासाच्या आत किल्ला सोडायचा. भरतीचे पाणी समोरून येत नाही, किल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून मधल्या पट्ट्यात भरते. किल्ल्याच्या दारात उभे राहून समुद्राकडे बघणाऱ्याला पाठीमागची वाट बुडते आहे हे कळतच नाही. म्हणून एक माणूस दारातच, किनाऱ्याकडे तोंड करून, शिट्टी घेऊन उभा ठेवला. घोडागाड्या जातात, पण गाडीवान दोन्ही फेऱ्यांची घाई करतात; अभ्यासाला पायीच बरे.

पायांत पट्ट्याच्या सँडल हव्यात. अनवाणी गेलेल्याचा तळवा कालवांच्या शिंपल्यांच्या कडांनी कापतो आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. चपला चिखलात अडकून राहतात. मोबाइल आणि वह्या प्लास्टिकच्या पिशवीत. गटात वीसपेक्षा जास्त माणसे असली तर दोन तुकड्या कराव्यात.

कुलाब्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० मध्ये सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. इथे बघायची मुख्य गोष्ट तट. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक बसवले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते, तिचा जोर विभागला जातो आणि तेच पाणी परत निघून जाते. चुन्याने बंद केलेल्या तटावर तोच जोर सगळा एका पृष्ठभागावर आला असता. सहभागी लोकांना आम्ही फटीत बोट घालून खोली बघायला सांगितली आणि दोन-तीन सांध्यांची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली. ही छायाचित्रे गुरुवारी पुन्हा लागणार होती.

आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणेशपंचायतन आहे, गोड्या पाण्याचे तळे आहे आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. तोफांच्या गाड्यावर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचे नाव ओतलेले आहे. पर्यटक या तोफा कान्होजींच्या समजून छायाचित्रे काढतात. त्या कान्होजींच्या नंतरच्या आहेत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागवर चालून आले तेव्हा बाजीराव फौजेसह खाली उतरले आणि मोहीम फसली. वलवणच्या तहाचे फळ ते हे. सव्वानऊला शिट्टी झाली आणि सगळे बाहेर.

खांदेरी इथून उत्तरेला दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर ते बेट बांधायला घेतले. इंग्रजांनी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीने अडवूनही काम पुरे झाले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थळांत खांदेरीही आहे. थळहून बोट करून जायला स्वतंत्र दिवस हवा, तो याच सहलीत कोंबू नये.

गावात कान्होजींची समाधी आहे. ४ जुलै १७२९ ला ते वारले. शहरातल्या चुंबकीय वेधशाळेचे नाते मात्र मुंबईशी आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाब्याच्या दांडीवरचे चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये इथे हलवले. परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

अलिबागच्या दक्षिणेला लगेच आक्षी. इथला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानतात. वर चंद्र-सूर्य, खाली लेख आणि शापाचे शिल्प, म्हणजे गधेगाळ. शके ९३४ असे वाचन घेतले तर साल १०१२. काही अभ्यासक हा शक दोनशे वर्षे पुढचा वाचतात. भाषेच्या वयाचा हा वाद महत्त्वाचा आहेच, पण किनाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या ओळींतले ‘पसीमसमुद्राधीपती’ हे केसीदेवरायाचे बिरुद अधिक मोलाचे आहे. कोकणचा राजा स्वतःला आधी समुद्राचा धनी म्हणवतो. लेखावर पावडर, खडू किंवा पाणी लावून अक्षरे उठवण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. शेंदूर, तेल आणि खडू यांनीच असे कितीतरी लेख पुसट झाले आहेत.

चौलसाठी अख्खी दुपार. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला होता, पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन इथेच उतरला. तरी गावात शिरले की ‘बंदर कुठे आहे?’ हाच पहिला प्रश्न येतो, कारण समोर दिसतात नारळी-पोफळीच्या वाड्या, तळी आणि देवळे. उत्तर पायाखाली आहे. खाडीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे आत येईनात. सतराव्या शतकात चौलचे विणकर मुंबईला जाऊ लागले आणि व्यापार त्यांच्यामागे गेला. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांनी सातवाहन काळापर्यंतची वस्ती दाखवली आहे, पण ते खड्डे बुजवलेले आहेत. पर्यटकाला दाखवायला तिथे काही नाही, आणि वाडीत पडलेले खापर उचलून खिशात घालायचे नाही हे आधी सांगून ठेवावे.

चालण्याचा क्रम असा ठेवला: रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी, तिथले पर्जन्य, वायू आणि अग्नी अशा नावांचे कुंड, मग आतल्या बाजूला निजामशाही काळाची आठवण असलेला हमामखाना, शेवटी हिंगलाजची टेकडी. टेकडीवरून संध्याकाळी कुंडलिकेचे मुख, रेवदंडा आणि पलीकडचा कोर्लईचा डोंगर एका दृष्टीत येतो. दुसऱ्या दिवसाचे व्याख्यान तिथेच, नकाशा न उघडता झाले.

रात्री मुक्कामाच्या वाडीत पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात भरून, मडके उलटे ठेवून वरून जाळ. पाला हिरवा आणि भरपूर हवा, कारण वाफ त्याचीच असते. कमी पडला तर शेंगा करपतात.

बुधवार, चतुर्थी : रेवदंडा आणि कोर्लई

चौल वरचे आणि रेवदंडा खालचे, अशी पोर्तुगीजांची विभागणी होती. १५०८ मध्ये याच मुखापाशी मिसरचा मामलुक आरमारप्रमुख अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा त्यात मारला गेला. त्याचा सूड पुढच्या वर्षी दीवला घेतला गेला. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी परतवला आणि १७४० मध्ये वसईच्या पाठोपाठ हेही ठाणे मराठ्यांकडे आले.

रेवदंड्यात लोक हमखास चुकतात. रस्ता तट फोडून किल्ल्याच्या पोटातून जातो, त्यामुळे ‘किल्ला कुठे’ असे विचारणारा आधीच किल्ल्यात उभा असतो. आम्ही प्रवेशद्वारापासून सुरुवात केली, तिथली पोर्तुगीज राजचिन्हे पाहिली, मग सातखणी मनोऱ्याकडे. हा फ्रान्सिस्कन चर्चचा घंटामनोरा. वरचे मजले पडले आहेत, पायाशी तोफगोळे पडलेले दिसतात. मनोऱ्याच्या आत उभे राहू देऊ नये, चुना सुटून दगड निखळतात. बाकीचे अवशेष खाजगी वाड्यांत आहेत. फाटक उघडे दिसले तरी हाक मारून, विचारून जावे. पोफळीच्या आळ्यांतून वीस माणसे गेली की पाटाचे बांध मोडतात आणि पुढच्या गटाला तो मालक आत घेत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्यांचे फार मोठे नुकसान केले. नव्या रोपांना फळ धरायला वर्षे लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवून वागावे.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगर दक्षिणोत्तर लांबट, तिन्ही बाजूंनी पाणी. दीपगृहाच्या बाजूने चढले तर अर्ध्या तासात माथा. किल्ला अरुंद आहे आणि आडव्या भिंतींनी एकामागून एक कप्पे पाडले आहेत. एक दार पडले तरी पुढचा कप्पा लढता राहावा म्हणून. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला. माथ्यावर चर्चचे अवशेष आणि पाण्याची टाकी. टाक्याचे पाणी पिऊ नये, माणशी तीन लिटर खालूनच न्यावे. गवत वाळलेले असते, त्यामुळे विडी-सिगारेट सक्त बंद.

खाली कोर्लई गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली आजही घरात चालते. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. १७४० नंतर पोर्तुगीज सत्ता गेली, बोली राहिली, आणि चहूकडच्या मराठीमुळे तिच्या वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसले. लोकांच्या अंगणात मोबाइल पुढे करून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणणे आम्हाला पटत नाही. आधी गावातल्या कोणाशी बोलून, चर्चच्या आवारात ठरवून भेट घेतली तर तासभर मोकळेपणी बोलणे होते.

काशीद न थांबता ओलांडून मुरूड.

गुरुवार, पंचमी : जंजिरा आणि पद्मदुर्ग

किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून हलका असतो. दुपारी समुद्राकडून जोर धरतो आणि बोट उतारूंना धक्क्याला लावणे अवघड होते. म्हणून दोन्ही किल्ले दुपारी एकच्या आत. राजपुरीहून शिडाची होडी जंजिऱ्याच्या दाराशी जाते. आम्ही गेलो तेव्हा तिथे धक्का नव्हता, पायऱ्यांवर उतरायचे होते. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आलेली असताना, हात मोकळे ठेवून, नावाड्याने सांगितल्यावरच पाय टाकायचा. पडतात ते एका हातात मोबाइल धरलेले.

जंजिऱ्यावर ऐकायला मिळणारा ‘बावीस’ हा आकडा सोडून द्यावा: बावीस एकर, बावीस वर्षे, बावीस बुरूज, बावीस पिढ्या. बुरूज मोजता येतात, मोजले तर एकोणीस भरतात. राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार असल्याचे तिथे सांगतात, त्याला पुरावा नाही. खरे पाहण्यासारखे पुष्कळ आहे: महादरवाजापाशी हत्ती पकडलेला शरभ, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचे शिल्प, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे दोन तलाव, पश्चिमेचा दर्या दरवाजा. आणि महादरवाजाची जागा. होडीतून तट अगदी जवळ येईपर्यंत दार दिसत नाही, दोन बुरजांच्या बेचक्यात ते लपवले आहे. हे बघायला येताना होडीत पुढच्या बाजूला बसावे. एक बोट साधारण पाऊण-एक तास थांबते. आम्ही आदल्या संध्याकाळी पूर्ण बोट दोन फेऱ्यांच्या भाड्याने ठरवली, तेव्हा कुठे दोन तास मिळाले.

सिद्दींना इथून हलवण्याचे प्रयत्न शिवाजी महाराजांनी केले, संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये राजपुरीकडून खाडीत भराव घालायला घेतला. किल्ला पडला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी या किनाऱ्यावर उभे केलेले हे राज्य नुसते ‘शत्रूचे ठाणे’ म्हणून पाहिले तर अर्धा इतिहास निसटतो. राजपुरीहून आगरदांड्याच्या वाटेवर खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सुरूलखान, खैरियतखान आणि याकूतखान यांच्या कबरी. पंधरा मिनिटांच्या या थांब्याला फार थोडे लोक येतात.

पद्मदुर्गाला नियमित बोट नाही, ठरवूनच जावे लागते. मुरूडच्या खाडीचे तोंड वाळूने उथळ आहे, ओहोटीला बोट रुतते. पंचमीला ओहोटी सकाळी दहाला, म्हणून राजपुरीच्या बाजूने निघालो. उतरायचे ते ओल्या खडकांवर. समुद्र उसळलेला असेल तर नावाडी नाही म्हणतो, आणि तेव्हा हट्ट करायचा नसतो.

१६७५ च्या एका पत्रात शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, पद्मदुर्गाची रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून कडक शब्दांत खडसावले आहे. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, असे त्यात म्हटले आहे. बेटावर उभे राहून जंजिऱ्याकडे पाहिले की त्या वाक्यातले अंतर डोळ्यांना मोजता येते.

आता मंगळवारची छायाचित्रे काढली. पद्मदुर्गाच्या तटात दगड झिजून खोल गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. कारण असे: खाऱ्या पाण्याचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने आतून फुटतो. वाऱ्याच्या तोंडची बाजू जास्त झिजते. चुना मात्र त्या माऱ्याला दगडापेक्षा जास्त टिकला. कुलाब्याला चुनाच नाही, इथे चुनाच उरला. एकाच काळातल्या, एकाच राज्याच्या दोन जलदुर्गांवर बांधणाऱ्यांनी दोन वेगळे मार्ग घेतले, आणि दोन्ही तट साडेतीनशे वर्षे लाटा झेलत आहेत. गटातल्या स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी इथे सर्वांत जास्त वेळ मागितला, आणि तो द्यायलाच हवा होता. डागडुजी करताना सांध्यांत सिमेंट भरणे किती घातक आहे तेही इथेच समजते: सिमेंट ओलावा बाहेर पडू देत नाही, मीठ आत साठते आणि शेजारचा दगड अधिक वेगाने फुटतो.

शुक्रवार, षष्ठी : कुडे आणि ताम्हिणी

आगरदांड्याहून तळ्याच्या रस्त्याने कुडे लेणी. राजपुरीची खाडी इथवर आत येते आणि मांदाडपाशी संपते. डोंगराच्या कुशीत २६ लेणी, समोर खाडी. वाट सोपी, पण खालच्या गावात खायला मिळेल असे गृहीत धरू नये. मुरूडहून भाकऱ्या आणि सुकी चटणी बांधून घेतली.

लेख वाचण्याआधी पोढ्या, म्हणजे पाण्याची कोरीव टाकी, मोजायला लावावीत. भिक्षूंना आणि मुक्कामी व्यापाऱ्यांना पावसाळ्यानंतरचे आठ महिने कशावर काढता येत होते ते त्यावरून कळते. मग लेख. इथले मोठे दाते महाभोज मांदव घराण्यातले, बहुधा याच खाडीचे धनी. पण त्यांच्याबरोबर माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाडचा माणूस सह्याद्री उतरून मांदाडच्या खाडीवर लेणे कोरवतो, म्हणजे त्याचा माल इथून जात-येत होता. रविवारी कोऱ्या नकाशावर कऱ्हाडची खूण का करायला सांगितली ते इथे सगळ्यांच्या लक्षात आले. सहाव्या लेण्यात दाराशी हत्ती आणि नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. वटवाघळे असतात, आवाज आणि फ्लॅश टाळावा, नाकाला फडके बांधावे.

दोन वाजता कुडे सोडले. इंदापूर, माणगाव, निजामपूर करत ताम्हिणी. घाटात अंधाराआधी पोचायचे, कारण वळणांवर दिवे नाहीत आणि माणगावच्या चौकात महामार्गाची कोंडी तासभर खाते. मुळशीच्या धरणाकाठी चहाला थांबलो तेव्हा उन्हे कलली होती. तिथेच पुढच्या आठवड्याच्या बैठकीची कामे वाटून घेतली: कुलाबा आणि पद्मदुर्गाच्या सांध्यांची छायाचित्रे मोजपट्टीसह एका तक्त्यात लावणे, कार्ले आणि कुडे इथल्या दात्यांची गावे नकाशावर टाकणे, आणि पाचही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या प्रत्यक्ष वेळा तिथीच्या हिशेबाशी ताडून फरक किती पडला ते लिहून काढणे.